घरी जोडलेला संगणक चालूच होत नाही तेव्हा

सुटे भाग विकत आणून घरी संगणक जोडला, सगळ्या केबली लावल्या, बटण दाबले आणि काहीच झाले नाही, तर मनात पहिला विचार येतो तो मदरबोर्ड जळाल्याचा. नव्या जोडणीत तसे क्वचितच घडलेले असते. बहुतेक वेळा एखादी केबल अर्धवट बसलेली असते, समोरच्या बटणाची तार भलत्याच पिनांवर लागलेली असते, किंवा मदरबोर्डच्या खालच्या बाजूला नको तिथे धातूचा स्पर्श होत असतो. हे दोष पैसे न खर्चता सापडतात, मात्र त्यासाठी शोधाला क्रम असावा लागतो. दिसेल ती केबल काढून पुन्हा लावत बसल्यास, संगणक चालू झाला तरी तो कशामुळे झाला हे कळत नाही आणि तोच दोष पुन्हा उद्भवतो. म्हणून भिंतीतल्या सॉकेटपासून प्रोसेसरपर्यंत वीज ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तपासणी करावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर बटण दाबून काय होते ते लिहून ठेवावे.

बटण दाबल्यावर नेमके काय होते

ही माहिती आधी करून घेतल्यास पुढच्या प्रत्येक पायरीचे कारण समजेल. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स रचनेत समोरचे बटण मुख्य वीज थेट चालू करत नाही. एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, भिंतीतून वीज मिळताच तो मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक लहानसा राखीव पुरवठा देऊ लागतो, आणि संगणक बंद दिसत असतानाही हा पुरवठा सुरूच असतो. बटण मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते, एवढेच त्याचे काम. ती खूण मिळाल्यावर मदरबोर्ड एसएमपीएसच्या हिरव्या तारेवरचा दाब जवळजवळ शून्यावर आणतो, त्यासरशी एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो, आणि ते स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत राखाडी तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत परत पाठवतो. त्यानंतरच प्रोसेसरचे काम सुरू होते. या साखळीतला कोणता दुवा तुटला आहे, एवढेच आपल्याला शोधायचे असते.

आधी लक्षण ओळखावे

‘चालू होत नाही’ या तक्रारीखाली तीन निरनिराळे प्रकार येतात. पहिल्यात बटण दाबल्यावर काहीही होत नाही. पंखा हलत नाही आणि दिवाही लागत नाही. दुसऱ्यात पंखे अर्धी फेरी घेऊन थांबतात, किंवा सेकंदभर चालून सगळे बंद पडते. तिसऱ्यात पंखे आणि दिवे व्यवस्थित चालतात, मात्र मॉनिटर काळाच राहतो. तिसऱ्या प्रकारात वीजपुरवठा बहुधा ठीक असतो आणि शोध रॅम, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाकडे न्यावा लागतो. हा लेख मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांसाठी आहे. तिसऱ्याविषयी शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

कोणतीही केबल किंवा भाग काढण्या-लावण्यापूर्वी भिंतीवरचा स्विच बंद करावा, वायर उपसून ठेवावी आणि कॅबिनेटचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर साठलेली वीज निघून जाते. भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करावा, लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे टाळावेत आणि गालिच्यावर बसून काम करू नये.

एसएमपीएसचे स्वतःचे झाकण मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब तयार होतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो. तो धक्का जिवावर बेतू शकतो. जळका वास आला, धूर दिसला किंवा स्विच लावताच घरातला एमसीबी पडला, तर ‘पुन्हा एकदा लावून पाहू’ हा मोह टाळावा. एसएमपीएस बाजूला काढून दुकानात न्यावा.

भिंतीपासून एसएमपीएसपर्यंत

सॉकेट तपासताना टेस्टरवर विसंबू नये. टेस्टरचा दिवा फेजला लागतो, पण न्यूट्रल तुटलेली असली तरीही तो लागतोच, आणि मग सॉकेट ठीक असल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. त्यापेक्षा टेबल लॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर त्याच सॉकेटात लावून पाहावा. एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही तात्पुरते वगळून संगणकाची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटात लावावी. ६ आणि १६ अँपिअर असे दोन्ही प्लग घेणाऱ्या सॉकेटात लहान प्लग पुष्कळदा सैल बसतो. तो हलवल्यावर चरचर ऐकू आली तर सॉकेट बदलावे.

मग वायर. बहुतेक मॉनिटरना संगणकासारखीच वायर असते, त्यामुळे ती लावून पाहणे ही मिनिटभराची चाचणी आहे. वायर एसएमपीएसच्या मागच्या खाचेत पूर्ण आत ढकलावी. शेजारच्या काळ्या स्विचवर उभी रेघ असलेली बाजू दाबलेली असेल तर तो चालू असतो, आणि गोल असलेली बाजू दाबलेली असेल तर बंद. आपल्या भिंतींवरचे स्विच खाली दाबले की चालू होतात. त्या सवयीने हा स्विच न बघता दाबला तर तो उलटाच राहू शकतो, कारण एसएमपीएस पुष्कळदा उलटा बसवलेला असतो. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे आकडे असलेला लाल सरकता स्विचही असतो. भारतात तो २३० वरच असला पाहिजे. ११५ वर ठेवून वीज दिल्यास एसएमपीएस त्या क्षणी निकामी होतो.

आता मदरबोर्डकडे पाहावे. बऱ्याच मदरबोर्डांवर राखीव ५ व्होल्ट मिळताच एक लहान दिवा लागतो. हा दिवा लागला असेल तर सॉकेट, वायर, मागचा स्विच आणि एसएमपीएसचा राखीव भाग हे चारही एका फटक्यात तपासून झाले, आणि पुढचा शोध निम्म्यावर आला. दिवा नसला तरी मदरबोर्ड मेला असे समजू नये, कारण काही मदरबोर्डांवर असा दिवाच नसतो.

दोन केबली, ज्यांच्याशिवाय काहीच चालत नाही

मदरबोर्डच्या उजव्या कडेला लागणारी २४ पिनांची केबल आणि प्रोसेसरजवळ वरच्या डाव्या कोपऱ्यात लागणारी ८ पिनांची केबल या दोन्ही आवश्यक आहेत. २४ पिनांची केबल नवीन मदरबोर्डवर चांगलीच घट्ट जाते आणि नवखा माणूस बोर्ड तुटेल या भीतीने ती अर्ध्यावर सोडतो. एका हाताने बोर्डाच्या कडेला खालून आधार द्यावा आणि दुसऱ्या हाताने, बाजूची पकड सॉकेटच्या दातावर ‘टक्’ करून बसेपर्यंत, सरळ दाबावे. पकड दातावरून गेलेली डोळ्यांना दिसली पाहिजे.

८ पिनांची केबल बहुधा ४ आणि ४ अशा दोन तुकड्यांत येते. ग्राफिक्स कार्डाची केबलही ८ पिनांचीच असते, पण ती ६ आणि २ अशी विभागलेली असते आणि तिच्या तारांची मांडणी वेगळी असते. पिनांचे आकार निराळे असल्याने ती प्रोसेसरच्या जागी सहज बसत नाही. ती जोर लावून बसवू नये.

एसएमपीएसच्या केबली सुट्या होणाऱ्या असतील, तर त्यांचे दुसरे टोकही तपासावे. याच ठिकाणी एक गंभीर धोका आहे. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कोणत्याही प्रमाणाने ठरलेला नाही. तो कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळा असतो. जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला भौतिकदृष्ट्या बसतात आणि तरीही हार्ड डिस्कला ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन ती जळू शकते. ज्या एसएमपीएसबरोबर ज्या केबली आल्या, त्याच वापराव्यात.

समोरचे बटण

पहिल्या प्रकारच्या दोषाचे सर्वांत जास्त सापडणारे कारण मला हेच वाटते. कॅबिनेटमधून येणाऱ्या पातळ तारा मदरबोर्डच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या पिनांवर लावायच्या असतात. पिना अगदी जवळजवळ असतात, अक्षरे बारीक असतात आणि एका पिनेचा फरक पडला तरी बटण निरुपयोगी ठरते. बहुतेक मदरबोर्डांवर येथे पाच पिनांच्या दोन ओळी असतात आणि त्यांतली कोपऱ्यातली एक पिन मुद्दाम गाळलेली असते. त्या रिकाम्या जागेवरून दिशा ओळखावी, मदरबोर्डच्या पुस्तिकेतली आकृती समोर ठेवावी आणि मोबाइलने प्रकाश पाडून मोठा केलेला फोटो काढून ताडून पाहावा. बटणाच्या दोन तारा उलटसुलट लागल्या तरी चालतात. दिव्यांच्या तारांना मात्र धन आणि ऋण अशा बाजू असतात, पण त्या चुकल्या तरी संगणक चालू होण्यात अडथळा येत नाही.

जोडणी बरोबर असूनही काही होत नसेल, तर बटणच वगळून पाहावे. सगळ्या पातळ तारा काढाव्यात, वीज लावावी आणि बटणाच्या दोन पिनांना सपाट तोंडाच्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक एक सेकंदभर एकाच वेळी टेकवावे. तेथे जेमतेम ५ व्होल्टपर्यंतचा दाब असतो, त्यामुळे धक्का बसण्याची भीती नाही. फक्त टोक शेजारच्या पिनांवर घसरू देऊ नये. संगणक चालू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटणात आहे. नवे बटण मिळेपर्यंत रिसेटच्या बटणाची तार त्या पिनांवर लावून काम भागवता येते, कारण दोन्ही बटणांचे काम एकाच तऱ्हेचे असते.

कॅबिनेटमधून बाहेर

इथपर्यंत दोष सापडला नाही तर भाग कमी करत जावे. ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, एसएसडीच्या केबली, रंगीत दिव्यांचे कंट्रोलर, समोरच्या यूएसबीच्या केबली असे सगळे काढावे. समोरच्या यूएसबीची जाड निळी किंवा काळी केबल तिरकी लावली गेल्यास तिच्या सॉकेटातली पिन वाकून शेजारच्या पिनेला टेकते आणि तेवढ्यानेही संगणक उठत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. प्रोसेसर, त्याचा कूलर आणि रॅमची एकच पट्टी एवढेच ठेवून पुन्हा पाहावे. ग्राफिक्स कार्ड नसले तरी पंखे फिरायला हवेत. चित्र येण्याचा प्रश्न नंतरचा आहे.

तरीही फरक पडला नाही, तर मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढावा. हे काम कंटाळवाणे वाटते आणि नवखी मंडळी ते टाळून थेट नवा एसएमपीएस मागवतात. पण या एका पायरीने जितके कळते तितके दुसऱ्या कोणत्याही पायरीने कळत नाही. मदरबोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्यावर तो ठेवावा. चंदेरी पिशवीवर ठेवू नये, कारण तिचा बाहेरचा थर वीज वाहून नेऊ शकतो. दोन मुख्य केबली आणि प्रोसेसरच्या पंख्याची तार लावून स्क्रू ड्रायव्हरने चालू करून पाहावे.

येथे संगणक चालू झाला, तर दोष कॅबिनेटमध्ये आहे हे सिद्ध झाले. पहिला संशय पितळी स्टँडऑफवर घ्यावा. मदरबोर्ड पत्र्यापासून वर उचलून धरणारे हे छोटे खुंटे बोर्डाला जिथे भोक आहे नेमके तिथेच हवेत. कॅबिनेटमध्ये पूर्ण आकाराच्या एटीएक्स बोर्डासाठी खुंटे आधीच बसवलेले असतात. त्यात २४४ मिलिमीटर लांबी-रुंदीचा मायक्रो एटीएक्स बोर्ड बसवला, तर एखादा जास्तीचा खुंटा बोर्डाच्या भोकाशिवायच्या भागाखाली येऊ शकतो. त्याचे टोक बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या टोकदार डागांना टेकते आणि शॉर्ट होते. टॉर्च तिरपा धरून बोर्डाच्या पाठीवर पाहिल्यास त्या जागी गोल ओरखडा पुष्कळदा दिसतो. सगळे खुंटे बोर्डाच्या भोकांशी मोजून जुळवावेत आणि जास्तीचे काढून टाकावेत. आत पडलेला एखादा स्क्रू, किंवा मागच्या पत्र्याच्या पट्टीची यूएसबीच्या खाचेत घुसलेली जीभ, हीही याच जातीची कारणे आहेत.

मल्टिमीटर हाताशी असेल तर

साधा डिजिटल मल्टिमीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो आणि घरी संगणक जोडणाऱ्याने तो घ्यावाच असे माझे मत आहे. तो डीसी २० व्होल्टवर ठेवावा. २४ पिनांची केबल मदरबोर्डला लागलेलीच असू द्यावी, काळा प्रोब (मीटरच्या तारेची सुई) एखाद्या काळ्या तारेच्या टोकात आणि लाल प्रोब जांभळ्या तारेच्या टोकात पाठीमागून घालावा. तेथे ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. काहीच मिळत नसेल तर केबल मदरबोर्डवरून काढून पुन्हा मोजावे: मोकळ्या केबलवर ५ व्होल्ट येत असतील तर मदरबोर्ड शॉर्ट आहे, आणि तरीही येत नसतील तर एसएमपीएस गेला आहे.

जांभळी तार ठीक असेल तर हिरवीकडे वळावे. बटण दाबण्यापूर्वी तिच्यावर २ व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो आणि बटणाच्या पिना जोडताच तो ०.८ व्होल्टच्या खाली यायला हवा. तो खाली येतो पण पंखे हलत नाहीत, तर मदरबोर्डने आपले काम केले आणि एसएमपीएसने केले नाही. तो खालीच येत नसेल, तर मदरबोर्डकडून हुकूमच सुटत नाही.

अलीकडच्या बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्याच असतात. अशा वेळी पकड असलेली ओळ पाहावी. तिच्यात एक जागा रिकामी असते. रिकाम्या जागेच्या एका बाजूला सात पिना असतात आणि दुसऱ्या बाजूला चार. सात पिनांच्या बाजूच्या टोकापासून मोजल्यास चौथी पिन हिरव्या तारेची आणि पाचवी काळ्या तारेची असते. मदरबोर्डपासून सोडवलेल्या केबलमध्ये, वीज बंद असताना, या दोन पिना कागदाच्या क्लिपने जोडून मग वीज लावली की एसएमपीएस मदरबोर्डशिवाय चालू होतो. त्यावेळी पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल तारेवर पुन्हा ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळावेत. काही एसएमपीएसचा पंखा कमी भारावर फिरतच नाही, म्हणून निर्णय पंख्यावरून न घेता मीटरवरून घ्यावा. ही चाचणी एसएमपीएस सुरू होतो एवढेच सांगते. भार पडल्यावर तो टिकेल की नाही, हे दुसऱ्या चांगल्या एसएमपीएसवर संगणक चालवूनच ठरते.

क्षणभर चालून बंद पडत असेल तर

या दुसऱ्या प्रकारात एसएमपीएस जिवंत असतो आणि बहुधा शॉर्ट किंवा जास्तीचा भार ओळखून स्वतःच माघार घेत असतो. असे झाल्यावर तो अडकून राहतो, म्हणून प्रत्येक प्रयत्नापूर्वी मागचा स्विच बंद करून मिनिटभर थांबावे, नाहीतर दोष दूर झाला तरी संगणक उठणार नाही आणि आपला निष्कर्ष चुकेल. वर सांगितल्याप्रमाणे भाग कमी करत जाणे हाच येथे उपाय आहे. ग्राफिक्स कार्ड काढल्यावर चालू झाला तर कार्ड किंवा त्याची केबल पाहावी. एका वायरीचे दोन फाटे करणारे स्वस्त अडॅप्टर लावलेले असतील तर ते सर्वांत आधी काढावेत. कूलर काढून प्रोसेसरचे सॉकेट पाहण्याची वेळ आलीच, तर त्या पिनांना बोट लावू नये. मोबाइलचा उजेड तिरपा टाकून फोटो काढावा, म्हणजे वाकलेली पिन ओळीतून फुटलेली दिसते.

पंखे फिरतात, पण चित्र नाही

रॅमची एकच पट्टी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत, दोन्ही टोके बसेपर्यंत दाबावी. मदरबोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट अशी नावे असलेले चार दिवे असतील, तर ज्यावर प्रकाश अडकला तिथे शोध घ्यावा. वीज काढून सीआर२०३२ हे गोल बटण सेल पाच मिनिटे बाजूला ठेवावे, म्हणजे बायोसच्या, मदरबोर्डमधल्या संगणक सुरू करणाऱ्या प्रणालीच्या, सेटिंग मूळ पदावर येतात. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरांत आणि रायझन ५ ५६०० सारख्यांत अंतर्गत ग्राफिक्स नसते, त्यामुळे मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावावी लागते. डीडीआर५ रॅम असलेल्या नव्या संगणकाला पहिल्यांदा रॅमची जुळवणी करायला काही मिनिटे लागू शकतात, तेव्हा घाईने बंद करू नये. आणि बी४५० सारख्या आधीच्या मदरबोर्डवर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवला असेल, तर बायोस नवे असल्याशिवाय चित्र येणार नाही.

दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला नेताना

पूर्ण कॅबिनेट नेण्यापेक्षा दोषी ठरलेला भाग आणि आपली टिपणे न्यावीत: जांभळ्या तारेवर किती व्होल्ट मिळाले, हिरवी तार खाली आली का, खोक्यावर ठेवल्यावर काय झाले. ‘चालू होत नाही’ एवढेच सांगितले तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बिल आणि सिरियल क्रमांकाचे स्टिकर यांचे फोटो काढून ठेवावेत. मदरबोर्ड देताना प्रोसेसर काढून घ्यावा आणि सॉकेटवर मूळची प्लास्टिकची टोपी बसवावी, तसेच टोपी बसवण्यापूर्वी सॉकेटातल्या पिनांचा स्वच्छ फोटो घ्यावा. वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत, आणि बोर्ड हातातून जाताना त्या सरळ होत्या हे दाखवण्यासाठी त्या फोटोचा उपयोग होतो.